वाचकांचे प्रश्न : प्राण्याच्या चेहऱ्यावर आपण काय वाचतो?

पाळीव प्राण्यांच्या वागणुकीविषयी आलेल्या पत्रांत एक शंका निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा डोकावते आहे. प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसासारखा भाव दिसला, तर तो खरा धरायचा की आपल्याच मनाचा खेळ समजायचा? या वेळचे संपूर्ण सदर त्यासाठीच राखले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही घरी नसताना आमचा कुत्रा उशा फाडतो. दार उघडताच तो कान पाडून, शेपूट घालून, नजर चुकवत कोपऱ्यात सरकतो. त्या वेळी फाटलेली उशी आम्ही पाहिलेलीही नसते. आपले चुकले आहे हे कळत असल्याखेरीज तो असे का करील?

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यायला हवा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका या ‘अपराधी’ चेहऱ्याविषयीचा आहे. १४ कुत्र्यांच्या मालकांनी आपापल्या कुत्र्यापुढे खाऊ ठेवून ‘खायचे नाही’ अशी ताकीद दिली आणि ते खोलीबाहेर गेले. मालक बाहेर असताना कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला गेला, तर कधी प्रयोगकर्तीनेच तो उचलून घेतला. परतलेल्या मालकाला मात्र प्रत्येक वेळी खरे सांगितले जात नव्हते. त्यामुळे काही वेळा निरपराध कुत्रा बोलणी खात होता आणि खाऊ फस्त केलेल्याचे लाड होत होते. चेहऱ्यावरचा अपराधी भाव खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता, असे या प्रयोगात दिसून आले. तो भाव सर्वांत ठळक दिसला तो आज्ञा पाळूनही बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये.

आपण उशी पाहण्याआधीच तो कोपऱ्यात जातो, हा आपला मुद्दा याने निकालात निघत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी आणखी जुने एक उदाहरण उपयोगी पडेल. पीटर व्होल्मर यांनी १९७७ साली एका कुत्रीविषयी लिहिले होते. मालक बाहेर गेला की ती कागद फाडत असे आणि तो परतला की अपराध्यासारखी वागत असे. एकदा मालकाने स्वतःच कागद फाडून जमिनीवर पसरले आणि तो बाहेर पडला. परत आला तेव्हाही कुत्रीचे वागणे तसेच होते. जमिनीवर कपटे आहेत आणि मालक आत येतो आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढे काय घडते हे तिला अनुभवाने ठाऊक झाले होते. कपटे कोणी केले, हा हिशेब त्यात नव्हता.

कान पाडणे, अंग चोरणे, नजर टाळणे हे कुत्र्याचे समोरच्याला शांत करण्याचे उपाय आहेत, आणि आपल्यावर ते परिणामही करतात, कारण असा चेहरा पाहिला की बहुतेकांचा राग निवळतो. कुत्र्याला चुकीची जाणीव मुळीच नसते, असे या प्रयोगांनी सिद्ध होत नाही. हा चेहरा त्या जाणिवेचा पुरावा नाही, एवढेच त्यातून ठरते. आपल्याला माझे कळकळीचे सांगणे आहे की परतल्यावर रागावणे आजपासून थांबवावे. एकटे राहणे सोसत नाही म्हणून वस्तू फाडणारी कुत्री पुष्कळ असतात. त्यांच्या एकटेपणाच्या धास्तीत मालक परतण्याची धास्ती मिसळली, तर फाडणे वाढण्याचीच शक्यता अधिक असते.

प्रश्न : माझी नात चार वर्षांची आहे. नातेवाइकांच्या घरचा कुत्रा तिने मिठी मारली की दात दाखवतो. ती टाळ्या पिटून म्हणते, ‘तो हसला!’ कुत्रा खरोखर हसत असेल का?

उत्तर : नाही. आणि हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम कोणते करायचे, तर त्या दोघांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकत्र सोडणे बंद करायचे.

लहान मुलाने आजवर जे चेहरे वाचले ते माणसांचे, आणि माणसाच्या चेहऱ्यावर दात दिसले की तो हसतो आहे, हे मूल फार लवकर शिकते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवून हा प्रश्न अभ्यासला आहे. गुरगुरणाऱ्या, दात विचकणाऱ्या कुत्र्याला ‘आनंदी’ म्हणण्याची चूक लहान मुले वारंवार करतात, असे त्यांना आढळले. चार वर्षांच्या मुलीकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून सावध राहण्याची जबाबदारी सर्वस्वी मोठ्यांची आहे.

आता त्या कुत्र्याच्या तोंडाकडे नीट पाहा. खेळून दमलेल्या किंवा निवांत कुत्र्याचा जबडा सैल सुटलेला असतो, जीभ बाहेर लोंबते, ओठांचे कोपरे मागे गेलेले असले तरी गालांवर ताण नसतो. हा भाव आनंदी वाटतो, पण त्यात धापेचाही वाटा मोठा असतो, कारण कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. धमकावणाऱ्या कुत्र्याचा वरचा ओठ उभा उचलला जातो, नाकाच्या दांड्यावर आडव्या सुरकुत्या पडतात, सुळे आणि पुढचे दात उघडे होतात आणि शरीर ताठ होते. त्याआधीही त्याने बऱ्याच खुणा दिलेल्या असतात : मिठीत एकदम निश्चल होणे, तोंड दुसरीकडे वळवणे, काही खायचे नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणे. या खुणांना दाद मिळाली नाही म्हणून तो दातांपर्यंत येतो. दात दाखवले म्हणून त्याला मारणे हा सर्वांत वाईट उपाय. पुढच्या वेळी तो ही सूचनाही देणार नाही.

काही कुत्री ओळखीच्या माणसाचे स्वागत करताना अंग वाकवून, कंबर हलवत दात दाखवतात, ही गोष्ट खरी आहे. मात्र आपल्या पत्रातला कुत्रा स्वागत करत नाही, तो मिठीत सापडलेला आहे.

प्रश्न : चिंपांझी आणि माकडे दात काढून हसतानाची छायाचित्रे आपण नेहमी पाहतो. त्यांचे हसू आणि आपले हसू एकच का?

उत्तर : या एका प्रश्नावर पूर्ण लेख होईल, आणि मला तो लिहायला आवडेल. तूर्तास थोडक्यात.

डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ यान व्हान होफ यांनी १९७२ साली एक मांडणी केली. तिच्यात पुढे भर पडत गेली असली, तरी गाभा टिकून आहे. माणसाचे स्मित आणि माणसाचे खळखळून हसणे हे एकाच भावाचे कमीअधिक प्रमाण नसून, वानरकुळातल्या दोन स्वतंत्र हावभावांपासून ते आलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे. पहिला हावभाव म्हणजे आवाज न करता ओठ मागे ओढून दात उघडे करणे. दुसरा म्हणजे खेळताना तोंड सैल उघडणे. यात बहुधा वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात आणि श्वास धापेसारखा चालतो. चिंपांझीचे पिल्लू गुदगुल्या केल्यावर जे करते, ते हे दुसरे. मरीना दाविला रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि मानवी बाळे यांना गुदगुल्या करून निघालेले आवाज तपासले. त्या आवाजांतील साम्यभेदांची उतरंड या जातींच्या उत्क्रांतीतील नात्यांशी जुळली. तेव्हा हसण्यातले आपले नाते खरे आहे आणि पुरातनही आहे.

छायाचित्रांत ‘हसू’ म्हणून खपते ते मात्र बहुतेक वेळा पहिले, म्हणजे दात उघडे करणे. चिंपांझीत ते भीतीचे, शरणागतीचे किंवा समोरच्याची समजूत घालण्याचे लक्षण असू शकते. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने हॅम नावाच्या चिंपांझीला अवकाशात पाठवले होते. त्याची दात दाखवणारी छायाचित्रे जगाने कौतुकाने पाहिली. चिंपांझींमध्ये आयुष्य घालवलेल्या जेन गुडॉल यांना त्याच चेहऱ्यावर पराकोटीची भीती दिसली. जाहिरातींसाठी आणि करमणुकीसाठी ‘हसवल्या’ गेलेल्या किती चिंपांझींचे हेच झाले असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

गंमत अशी की मकाक माकडांच्या सगळ्या जातींत या दातांचा अर्थ एक नाही. ऱ्हीसस माकडांत उतरंड कडक असते आणि दात दाखवतो तो कनिष्ठ. सुलावेसी बेटावरच्या काळ्या तुरेवाल्या मकाकांत मात्र समाज बराच सैल आहे. तिथे दोन्ही बाजूंनी दात दाखवले जातात आणि त्यानंतर बहुतेकदा जवळीक होते. याचा अर्थ असा की एका जातीचा चेहरा वाचायला शिकलेला अभ्यासकही दुसऱ्या जातीपुढे नवशिका असतो.

बार्बरी मकाकांवर लेटिसिया मारेशाल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही इथे सांगण्याजोगा आहे. हे माकड धमकावताना रोखून पाहते, भुवया उंचावते आणि ओठांचा गोल करते. मोरोक्कोत त्यांना पाहायला येणाऱ्या पर्यटकांना त्यात चुंबन दिसते आणि ते कौतुकाने आणखी जवळ जातात. ज्यांनी या माकडांसोबत काम केले होते, त्यांच्या चुका बऱ्याच कमी होत्या. माकडाचा चेहरा शिकून वाचता येतो, पण शिकावा लागतो.

प्रश्न : डॉल्फिन सदा हसतमुख, उंट तुसडा आणि गरुड करारी का दिसतो?

उत्तर : हाडांमुळे. डॉल्फिनच्या जबड्याची रेघच वर वळलेली असते. तो आजारी असो, घाबरलेला असो किंवा मेलेला असो, ती तशीच राहते. उंट मान वर धरतो तेव्हा त्याच्या नाकपुड्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत येतात आणि आपण तो चेहरा नाक वर करून तुच्छतेने पाहणाऱ्या माणसाचा म्हणून वाचतो. गरुडाच्या डोळ्यावर हाडाची एक कड पागोळीसारखी पुढे आलेली असते. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ यांनी उंट आणि गरुड ही दोन्ही उदाहरणे पूर्वीच चर्चिली आहेत. शिवाय ज्या बारीक स्नायूंनी आपण भाव दाखवतो, त्यांचे जाळे सस्तन प्राण्यांत विकसित झाले. पक्ष्याच्या चेहऱ्यावर ते जवळपास नसतेच. पक्ष्याचा भाव त्याच्या पिसांत, मानेत आणि अंगाच्या ठेवणीत शोधावा.

डॉल्फिनच्या बाबतीत हा गैरसमज निरुपद्रवी नाही. तलावात कोंडलेला डॉल्फिन प्रेक्षकांना नेहमी खूश दिसतो. तो नाखूश असला, तरी ते आपल्याला चेहऱ्यावरून कधीच कळणार नाही.

प्रश्न : घोडा मान उंचावून, वरचा ओठ दुमडून खदाखदा हसताना दिसतो, ते काय?

उत्तर : तो वास घेत असतो. ओठ असा दुमडल्याने गंधाचे कण टाळूच्या वर असलेल्या एका विशेष गंधेंद्रियापर्यंत पोहोचतात. माजावर आलेल्या घोडीचे मूत्र हुंगल्यावर घोडा हे हमखास करतो. अनोळखी उग्र वासानेही ते घडते.

प्रश्न : कुत्रा भुवया वर करून पाहतो तेव्हा मन विरघळते. माणसाला वश करण्यासाठीच कुत्र्यांत ही युक्ती निर्माण झाली, असे वाचले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : त्या वाचनामागचे संशोधन उत्तम आहे. त्यावरून काढलेला मोठा निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो.

आधी पद्धत सांगतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ साली माणसाच्या चेहऱ्यावरच्या हालचालींची एक सूची तयार केली. तीत ‘दुःख’, ‘राग’ अशी नावे न देता कोणता स्नायू आकुंचन पावला एवढेच नोंदवले जाते. याच धर्तीवर पुढे चिंपांझी, कुत्रा, घोडा, मांजर यांच्यासाठीही सूच्या झाल्या. भावाचे नाव आधी न ठेवता हालचाल मोजायची, ही शिस्त या क्षेत्राला फार उपकारक ठरली. कुत्र्यांसाठीची सूची वापरून ब्रिजेट वॉलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले की, प्राणिनिवाऱ्यातली जी कुत्री भुवईची आतली बाजू जास्त वेळा उचलत होती, त्यांना घर लवकर मिळाले. ही हालचाल डोळे मोठे, चेहरा पिल्लासारखा आणि किंचित दुःखी करते. २०१९ साली ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा कुत्र्यांच्या आणि चार लांडग्यांच्या चेहऱ्यांचे विच्छेदन केले. भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांत स्पष्ट होता. लांडग्यांत त्या जागी तुरळक तंतूच दिसले.

यावरून माणसाच्या निवडीने हा स्नायू घडवला, असे अनुमान निघाले. पण २०२४ साली आफ्रिकी रानकुत्र्यांत आणि कायोटी या अमेरिकेतल्या रानटी श्वानजातीतही हा स्नायू असल्याचे प्रसिद्ध झाले. या प्राण्यांना कोणी पाळून घडवलेले नाही. तेव्हा स्नायू आधीपासून होता आणि लांडग्यांत तो क्षीण झाला, ही शक्यताही तितकीच गंभीरपणे घ्यावी लागते. माणसाने त्याच्या वापराला बक्षीस दिले असेल, हे मात्र मला पटते. कामिन्स्की यांच्याच २०१७ च्या प्रयोगात, माणूस कुत्र्याकडे तोंड करून उभा असताना कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या. खाऊ दिसल्याने तसे झाले नाही. म्हणजे चेहऱ्याचा पाहणाऱ्याशी संबंध आहे. कुत्रा आपल्याला वश करण्यासाठी मनात योजून हे करतो, असे म्हणायला मात्र आधार नाही.

प्रश्न : आमची मांजर वयस्क आहे. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. ती दुखणे लपवते आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपण एकट्या नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा हजारांहून अधिक लोकांना मांजरांच्या चेहऱ्याच्या छोट्या चित्रफिती दाखवून मांजर सुखात आहे की त्रासात, हे विचारले. सरासरी गुण वीसपैकी बाराच्या आसपास, म्हणजे नाणे उडवून मिळतील त्याहून थोडेसेच अधिक होते. मांजरांचा सहवास असल्यानेही फारसा फरक पडला नाही. सुमारे तेरा टक्के लोक मात्र फार चांगले वाचत होते आणि पशुवैद्यकीय काम करणारे त्यांत उठून दिसले. तेव्हा चेहरा कोरा नसतो. आपली नजर तयार नसते.

ही नजर तयार करण्यासाठी एक चांगले साधन उपलब्ध आहे. २०१० साली मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पहिली मोजपट्टी तयार केली. त्यानंतर ससे, घोडे, मेंढ्या यांच्यासाठी अशा मोजपट्ट्या निघाल्या. मांजरांची मोजपट्टी २०१९ साली माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी दिली. तीत पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे.

मांजर जागी आणि शांत असताना, तिला न हाताळता, समोरून पाहा. प्रथम कान. निरोगी मांजरीचे कान उभे आणि पुढे वळलेले असतात. वेदनेत ते बाहेरच्या बाजूला फिरून चपटे होऊ लागतात आणि दोन टोकांमधले अंतर वाढते. मग डोळे. ते किलकिले होतात, पापण्या आवळल्यासारख्या दिसतात. तिसरी गोष्ट नाक-तोंडाचा भाग. एरवी गोलसर आणि सैल असणारा हा भाग ताणून लांबट होतो. चौथी मिशा. सैल, खाली वळलेल्या मिशा सरळ होऊन पुढे येतात. पाचवी डोके. ते खांद्यांच्या रेषेखाली उतरते किंवा हनुवटी छातीकडे झुकते. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले, तर वेदनाशामक द्यावे, अशी या मोजपट्टीची शिफारस आहे. ते कोणते आणि किती, हे पशुवैद्यकानेच ठरवायचे. माणसांच्या वेदनेवरची काही साधी औषधे मांजरीला प्राणघातक ठरतात. पॅरासिटामॉल त्यांपैकी एक आहे.

ही नोंद मांजर झोपलेली, खात असलेली किंवा अंग चाटत असलेली असताना करू नये. एका क्षणावर विसंबू नये, काही मिनिटांनी पुन्हा पाहावे. घुरघुर ऐकून निश्चिंत होऊ नये, कारण दुखत असतानाही मांजरे घुरघुरतात. किलकिल्या डोळ्यांबद्दल एक खुलासाही हवा. ओळखीच्या माणसाकडे पाहत मांजर पापण्या सावकाश मिटते आणि उघडते, ते वेदनेचे लक्षण नव्हे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात माणसाने अशा संथ पापण्या मिटल्यावर मांजरांनीही तसेच केले आणि अनोळखी माणसाजवळही त्या अधिक सहज गेल्या. फरक असा, की त्या वेळी कान, गाल आणि मिशा सैल असतात. म्हणून मोजपट्टीत पाच गोष्टी आहेत, एक नाही.

आपल्या मांजरीचे वय लक्षात घेता सांध्यांची किंवा दातांची तक्रार अगदी शक्य आहे. गुण कमी आले, तरी तिने उंच जागी उडी मारणे सोडले असेल, अंग चाटणे कमी केले असेल किंवा एकाच बाजूने चावत असेल, तर तिला पशुवैद्यकाकडे न्यावे. दीर्घकाळची मंद वेदना चेहऱ्यापेक्षा दिनक्रमात आधी दिसते.

प्रश्न : हत्ती रडतो का? कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी येते ते कशाने?

उत्तर : हत्तीच्या डोळ्यांतले पाणी नाकात वाहून नेणारी नलिका त्याला नसते, त्यामुळे ओलावा गालावर ओघळतो. शोकाचा पुरावा म्हणून तो धरता येणार नाही. मेलेल्या सोबत्याजवळ हत्ती रेंगाळतात, सोंडेने हाडे चाचपतात, हे मात्र चांगले नोंदलेले आहे आणि माझ्या मते ते अश्रूंपेक्षा कितीतरी अधिक बोलके आहे. कुत्र्यांबाबत जपानी संशोधकांनी २०२२ साली दाखवले की, काही तासांनी मालक भेटल्यावर त्यांच्या डोळ्यांतला ओलावा वाढतो. थेंब गळत नाहीत. एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल, तर तो आजार समजावा.

प्रश्न : प्राण्यांना माणसाच्या भावना चिकटवणे अशास्त्रीय आहे, असे आम्हाला शिकवले गेले. मग आपण वेदना, भीती, आनंद हे शब्द कशाच्या बळावर वापरता?

उत्तर : चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना हे शब्द वापरताना संकोच वाटला नाही. सामान्य पूर्वजांपासून आलेल्या जातींत चेहऱ्याचे स्नायू आणि मज्जातंतू यांत सातत्य असेल, तर भावदर्शनातही असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या काळी हौशी किस्से फार झाले. त्यावर उतारा म्हणून १८९४ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी नियम घालून दिला की, साध्या कारणाने वागणूक समजत असेल, तर उच्च मानसिक कारण जोडू नये. नियम चांगला होता. विसाव्या शतकात त्याचा अर्थ प्राण्याला आतून काही वाटतच नाही, असा लावला गेला आणि तो चुकीचा होता. वानरांचे अभ्यासक फ्रान्स दि वाल यांनी या नकाराला स्पष्ट शब्दांत विरोध केला. दिसेल तिथे माणूस पाहणे ही एक चूक आणि नाते उघड असतानाही ते नाकारणे ही दुसरी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पूर्णपणे मान्य आहे.

आज हे केवळ मताचे प्रकरण राहिलेले नाही. जर्मनीत नादिन गोगोला यांच्या गटाने २०२० साली उंदरांच्या चेहऱ्यांचे संगणकाने विश्लेषण केले. गोड, कडू, वेदनादायक अशा वेगवेगळ्या अनुभवांच्या वेळी चेहऱ्याची ठेवण वेगळी होती, आणि तीच साखरेची चव तहानलेल्या उंदराच्या चेहऱ्यावर अधिक सुखद उमटत होती. चेहरा फक्त चवीची यांत्रिक प्रतिक्रिया असता, तर तहानेने त्यात बदल होण्याचे कारण नव्हते. प्राण्याच्या आतल्या स्थितीचे मूल्यमापन चेहऱ्यावर येते, असे म्हणायला हा भक्कम आधार आहे.

वेदना, भीती, सुख हे शब्द मी निःसंकोच वापरतो. अपराधीपणा, सूड, उपहास या शब्दांपाशी मात्र थांबतो, कारण त्यांना स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहावे लागते आणि चेहऱ्यावरून तेवढे सिद्ध होत नाही.

प्रश्न : आपण त्यांचे चेहरे वाचतो. ते आपले वाचतात का?

उत्तर : वाचतात, आणि काही बाबतींत आपल्यापेक्षा सरस. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिताची उत्तरे खूर आपटून देत असे. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली उलगडा केला. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत असे. योग्य आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. हे रहस्य समजल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची हालचाल आवरता येईना.

व्हिएन्नातील २०१५ च्या प्रयोगात कुत्र्यांना माणसांच्या चेहऱ्याचा फक्त वरचा किंवा फक्त खालचा भाग दाखवून रागीट आणि आनंदी यांत निवड करायला शिकवले. पुढे चेहऱ्याचा न पाहिलेला भाग दाखवल्यावरही त्यांनी बरोबर निवड केली. म्हणजे त्यांनी नुसते उघडे दात पाठ केले नव्हते. ससेक्समधील संशोधकांनी २०१६ साली २८ घोड्यांना अनोळखी पुरुषांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा ते अधिक करून डाव्या डोळ्याने पाहत, जसे घोडे धोक्याच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे बहुधा पाहतात, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत. त्याच विद्यापीठातून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांना सकाळी एका माणसाचे रागीट किंवा हसरे छायाचित्र दाखवले आणि काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर आला. त्याला स्वतःला कोणते छायाचित्र दाखवले गेले आहे, याची कल्पना नव्हती. ज्या घोड्यांनी रागीट छायाचित्र पाहिले होते, ते त्याच्याकडे डाव्या डोळ्याने अधिक पाहत राहिले.